एअर पिस्तुलाची ढिली फ्रंट साईट: २७ दिवसांच्या नोंदी

आधी थोडं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. पिस्तूल १० मीटरचं एअर पिस्तूल आहे, ४.५ मिमी, साईड लिव्हर ओढून एका झटक्यात हवा भरायची, सिलेंडर वगैरे भानगड नाही. सेकंडहँड घेतलंय, वय विचारू नका. वापरते आमची लेक, वय १४. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ काढलं आणि कोल्हापुरात रेंजवर पोरांची रांग लागली, त्या रांगेतली आमची एक. मी स्वतः नेमबाज नाही, बँकेत कारकुनी करतो. हात मात्र स्वस्थ बसत नाहीत, त्यामुळे हे सगळं झालं.

आणखी एक. हे एअर पिस्तुलाचं आहे. ज्यांच्याकडे लायसन्सवालं खरं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर आहे त्यांनी यातलं काही घरी करू नका, आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे ते दुरुस्त करून देणाऱ्यालासुद्धा लायसन्स लागतं, तिकडंच द्या. आणि एअर पिस्तूल असलं तरी खालचं प्रत्येक काम लिव्हर उघडी, चेंबर रिकामं आणि बॅरलमध्ये नारंगी सेफ्टी दोरी आरपार घालूनच केलंय. पोरगीनंच मला ती सवय लावली, मी एकदा विसरलो तर दिवसभर ऐकवत होती.

१५ जून २०२५

४० शॉटच्या सरावात ४०० पैकी ३३८. एप्रिलमध्ये हीच पोरगी ३५५ ते ३६० मारत होती. दोन महिने स्कोअर खाली खाली चाललाय आणि मजा अशी की रोज वेगळ्या बाजूला. सोमवारी सगळे डावीकडे, बुधवारी उजवीकडे, मग एखाद्या दिवशी अगदी मधोमध. रेंजवरचे सर म्हणाले मनगट वळतंय, ग्रिप तळव्याला नीट बसत नाही. म्हणून मे महिन्यात लाकडी ग्रिप कानशीनं घासून दीड-दोन मिमी कमी केली होती (हे लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे). मग रिअर साईटचे (नेम धरायची मागची खाच) क्लिक, म्हणजे तिचा स्क्रू एकेक टप्पा फिरवून ती बाजूला सरकवायची. आज चार क्लिक उजवीकडे, उद्या पाच क्लिक डावीकडे. पोरगी रडकुंडीला आलेली. मी पण दोनदा बोललो तिला, मोबाईल कमी कर म्हणून. आता लिहिताना वाईट वाटतंय.

आज घरी आल्यावर ती पिस्तूल पुसत होती आणि म्हणाली, "पप्पा, हे टिक करतंय."

फ्रंट साईटवर, म्हणजे बॅरलच्या टोकाच्या नेम धरायच्या पट्टीवर, अंगठ्याचं नख लावून बाजूला ढकललं की बारीक टिक असा आवाज. परत उलट्या बाजूनं ढकललं की परत टिक.

१७ जून

ऑफिसातून लवकर आलो. टेरेसवर १० मीटर बसतात, पत्र्याचा पेलेट ट्रॅप (गोळ्या अडवणारा डबा) आहे आणि मागं भिंत. जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून दोन्ही टोकं शिवली, ती उशी टेबलावर, तिच्यावर पिस्तूल टेकवून मारायचं म्हणजे हात हलायचा प्रश्नच नाही.

आधी साईट नखानं पूर्ण उजवीकडे ढकलून पाच शॉट. मग पूर्ण डावीकडे ढकलून त्याच पेपरवर पाच. दोन वेगळे झुबके पडले, एकमेकांपासून १८ मिमी लांब. साईट उजवीकडे सरकवली की गोळ्या डावीकडे, डावीकडे सरकवली की उजवीकडे. रिअर साईटचं याच्या बरोब्बर उलटं असतं, त्यामुळे क्लिक मारताना डोक्यात गोंधळ होतो, मी तर कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय.

आता हिशोब बघा. व्हर्नियर लावून मोजलं तर साईट या टोकापासून त्या टोकापर्यंत ०.६ मिमी हलते. फ्रंट आणि रिअर साईटमधलं अंतर आमच्याकडे ३२० मिमी. टार्गेट १०,००० मिमीवर, म्हणजे सवाएकतीस पट. ०.६ गुणिले सवाएकतीस म्हणजे पावणेएकोणीस. पेपरवर १८. इतकं चोख उत्तर मला शाळेत कधी आलं नव्हतं. आणि टार्गेटच्या एका रिंगपासून दुसऱ्या रिंगचं अंतर ८ मिमी, म्हणजे साईट पाव मिमी सरकली की एक मार्क गेला. चांगल्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढं, आणि आम्ही मनगट शोधत बसलो होतो.

रोज वेगळ्या बाजूला का, हे पण कळलं. पेटीतला फोम. पेटीचं झाकण बंद केलं की फोम साईटला एका अंगानं दाबतो, काढताना ती फोममध्ये अडकून थोडी सरकते. पेटीत ठेवेल तशी दिशा. पिस्तूल एकदा बाहेर आलं की त्या दिवसापुरती ती बऱ्यापैकी तिथंच राहते, म्हणून दिवसाचा झुबका बरा दिसायचा आणि कुणाला साईटवर संशय आला नाही.

१८ जून

रचना सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. बॅरलच्या टोकाला ॲल्युमिनियमचा चौकोनी ब्लॉक, दोन स्क्रूंनी बॅरलला आवळलेला. ब्लॉकच्या डोक्यावर आडवी खाच, डोव्हटेल, म्हणजे तळाला रुंद आणि वर अरुंद. त्यात फ्रंट साईट बाजूनं सरकवून बसते, साईट स्टीलची. साईटच्या बुडातून एक एम-३ चा ग्रब स्क्रू खाली जातो, डोकं नसलेला, आत षटकोनी भोक, १.५ मिमीची ॲलन की लागते.

मला वाटलं पिळला की झालं. घरातल्या सेटमधली १.५ ची की घेतली, सायकलबरोबर फुकट आलेला सेट. कीचे कोपरे आधीच गोल झालेले, ते बघायची बुद्धी झाली नाही. जोर लावला, कर्र झालं, मला वाटलं बसला. बसला नव्हता, भोकाचे कोपरे झडले. आता की आत गोल गोल फिरते. एका मिनिटात पन्नास रुपयांच्या कामाचं किती रुपयांचं काम होतं ते खाली येईलच.

बारीक स्क्रूला की लावायच्या आधी कीचं टोक उजेडात धरून बघा. कोपरे धारदार नसतील तर टोकाचे दोन-तीन मिमी ग्राइंडरवर कापून टाका, आतला भाग कोरा असतो. हे मला नंतर कळलं.

१९ जून

फेविक्विक. हसू नका.

रविवारी सराव मॅच होती आणि मला घाई. साईट अंदाजानं मधोमध आणली, खाचेत दोन्ही बाजूंनी थेंब सोडला. दोन मिनिटांत दगडासारखी घट्ट. पावसाळी हवेत हे लवकर धरतं, दमटपणा लागतो त्याला. मी खुश, पोरगी खुश. बायको म्हणाली तीनशे लोक रेंजवर फेविक्विक लावूनच येतात का. तिच्याकडं दुर्लक्ष केलं.

सकाळी बघतो तर ब्लॉकवर आणि साईटवर पांढरी भुकटी बसल्यासारखा थर. त्याची वाफ उडून आजूबाजूला बसते म्हणे. पुसून जात नाही.

२२ जून

३५ व्या शॉटला सुटली. ३४ पर्यंत पोरगी मस्त मारत होती, मग एक ८, एक ६, आणि एक ५. ती मागं वळून माझ्याकडं बघितली, मी छताकडं बघितलं. घट्ट चिकटून राहणं वेगळं आणि रोज शेकडो झटके खाणं वेगळं, हा गोंद कडक असतो पण ठिसूळ, तडा गेला की एकदम जातो. आणि खाचेत जुनं तेल होतं ते मी पुसलंच नव्हतं.

सरांना आज साईटचं सांगितलं. त्यांनी स्वतः नखानं टिक करून बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ग्रिप उगाच घासली आपण." माणूस सरळ आहे.

२४ जून

वाळलेलं फेविक्विक काढायला ॲसिटोन. बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर विचारून घेतलं, म्हणजे घेतल्यावर विचारलं. कापसाचे बोळे भिजवून अर्धा तास ठेवले, गोंद मऊ झाला, टूथपिकनं खरवडून काढला. पांढरा थर पण गेला.

त्याच्याबरोबर साईटचा काळा रंगही गेला. मागची बाजू, म्हणजे नेम धरताना डोळ्याला दिसते ती, चकचकीत स्टील झाली. टेरेसवर उजेडात धरलं तर कड दिसायच्या ऐवजी चमक दिसते. इथं मात्र एक गोष्ट पहिल्या फटक्यात जमली. आमचे आजोबा गावाकडं शेतराखणीची ठासणीची बंदूक ठेवायचे, फ्रंट साईटला ते माशी म्हणायचे, आणि माशी चमकायला लागली की देव्हाऱ्यातला कापूर पेटवून काजळी धरायचे. तसंच केलं. कापराची वडी पितळी पळीत पेटवली, साईट पक्कडीत धरून धुराच्या टोकाला फिरवली. अर्ध्या मिनिटात मखमलीसारखी काळी, अजिबात चमक नाही. बोट लावलं की जाते, पण पुन्हा करायला कापूरच लागतो, तो घरात असतोच. साईट पिस्तुलावरून उतरवूनच करा, बॅरलजवळ जाळ नको.

हो, साईट उतरली होती. फेविक्विक गेल्यावर ती खाचेतून बाजूला सरकून हातात आली, तो झिजलेला ग्रब स्क्रू तिच्या बुडात तसाच अडकलेला.

२७ जून

शिम घालायचं ठरवलं. खाच ढिली तर मध्ये पातळ पत्रा घाला, डोकं साधं आहे. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कात्रीनं कापला, तो साधारण ०.१ मिमीचा असतो. साईटच्या तिरक्या बाजूला लावून खाचेत सरकवायला लागलो. निम्म्यावर गेली आणि अडकली. ना पुढं ना मागं. इथं शहाण्या माणसानं थांबावं. मी खिळ्याचं डोकं टेकवून हातोडीनं हलकेच ठोकलं, हलकेच म्हणजे मला हलकं वाटलं, खिळा घसरला आणि ब्लॉकच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा. साईट अजून निम्म्यावरच.

रात्री साडेअकरापर्यंत हेच. शेवटी लाकडी लाटण्याचा तुकडा (तुटकं लाटणं होतं, चांगलं नाही) टेकवून उलट्या बाजूनं ठोकून बाहेर काढली. लोखंडाला ठोकायचं तर मध्ये लाकूड, पितळ किंवा नायलॉन पाहिजे. आजचे चार तास पाण्यात.

२८ जून

हार मानली, उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, मिलिंग, फौंड्रीची कामं करणाऱ्यांची गल्ली न गल्ली, तिथं शेतीपंपापासून काहीही करून मिळतं. माझ्या मित्राच्या ओळखीचे एक तात्या आहेत, चाळीस वर्षं लेथवर.

आता पिस्तूल घेऊन गाडीवरून उद्यमनगरात हिंडायचं मला बरं वाटेना. एअर असलं तरी दिसायला पिस्तूलच, चहाच्या टपरीवर पेटी उघडली तर काय सांगत बसणार. ब्लॉक काढायची पण भीती, बॅरलवरची सेटिंग बिघडेल म्हणून. म्हणून फक्त साईट घेतली, आणि खाचेचा ठसा अंघोळीच्या साबणात घेतला. साबण दाबून, अलगद ओढून, डब्यात ठेवून.

तात्यांनी डबा उघडला. साबण बघितला. माझ्याकडं बघितलं.

"आरं लेका, चोराला किल्लीचा ठसा साबणात घेताना ऐकलंय. तू बँकंत हाईस न्हवं?"

सगळं दुकान हसलं. मी सगळी कथा सांगितली, फेविक्विक, कॅन, खिळा. ते साईट हातात घेऊन भिंगातून बघत राहिले. मग बुडाकडचा ग्रब स्क्रू दाखवला.

"ह्याचं तोंड बघ. वाटीसारखं हाय. कप पॉइंट म्हनत्यात ह्येला. ह्याची कड धारंची असती, लोखंडात रुतून धरती. तुझं खाली ॲल्युमिनियम. ह्यो गडी रोज थोडा थोडा खड्डा खनत बसला आसंल. जितका पिळशील तितका आत. साईट कशानं आवळंल?"

मग नीट समजावलं. ग्रब स्क्रूचं काम साईटला खाली दाबायचं नाही, उलट खाचेच्या तळाला रेटून साईटला वर उचलायचं, म्हणजे साईटच्या तिरक्या बाजू डोव्हटेलच्या तिरक्या भिंतींत वर जाऊन फसतात. तळ मऊ पडून खड्डा झाला तर रेटाच राहत नाही. मी शिम घालत होतो बाजूला. शिम पाहिजे होती खाली.

दहा दिवस चुकीच्या जागेला मलम लावत होतो.

"पन साबनावर काम करत न्हाई मी. त्यो ब्लॉक काढून आन. बंदूक घरातच ऱ्हाऊ दे."

२९ जून

ब्लॉक काढायच्या आधी बॅरल आणि ब्लॉक दोन्हींवर मिळून एक रेघ मारायची, म्हणजे परत बसवताना रेघेला रेघ जुळवली की झालं. हे मला माहीत होतं. मी मारली पण. मार्कर पेननं. मग ब्लॉक तात्यांना द्यायचा म्हणून स्वच्छ करूया असं वाटलं आणि रिमूव्हरच्या बोळ्यानं पुसला, बॅरलपण पुसली. रेघ गेली. दोन्हीकडची.

पाच मिनिटं तसाच बसून राहिलो.

रेघ सुईनं ओढा. किंवा निदान पुसू नका.

३ जुलै

तात्यांकडं गर्दी होती, आज नंबर लागला. झडलेला ग्रब स्क्रू कसा काढला ते बघण्यासारखं होतं. साईट व्हाईसमध्ये, दोन्हीकडं पितळी पट्ट्या लावून. टॉर्क्सचा बारीक बिट, चांदणीसारख्या टोकाचा, त्या गोल झालेल्या भोकापेक्षा केसभर मोठा, तो छोट्या हातोडीनं दोन टिचक्या मारून आत बसवला. त्याआधी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर मिनिटभर धरलं होतं, आत कुणीतरी जुना गोंद घातलेला असेल तर सैल होतो म्हणाले. मग बिट फिरवला आणि स्क्रू बाहेर आला, इतका गरीबासारखा की मला रागच आला.

साईटमधले आटे शाबूत होते. मी मनात एम-४ चा टॅप मारायची तयारी ठेवली होती, गरज पडली नाही. ब्लॉकच्या तळाला मात्र गोल खड्डा, व्हर्नियरच्या शेपटीनं मोजला तर ०.४ मिमी. तात्या म्हणाले मिलिंग करून तळ सपाट केला तर खाच खोल होईल, तिथं मटेरियल आधीच कमी आहे, नको. त्याऐवजी फिलर गेजची (बारीक फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा) ०.१५ मिमीची पाती कापून तळाला अंथरायची, स्प्रिंग स्टीलची असते, त्यावर ग्रब स्क्रूचं दडपण पसरतं, रुतत नाही. साईटखाली तेवढी फट होती. नवीन ग्रब स्क्रू एम-३, पण सपाट तोंडाचा. त्यांच्याकडं सपाट नव्हता, म्हणून कप पॉइंटवालाच नटमध्ये धरून ग्राइंडरवर तोंड सपाट करून दिला, कडेची धार दगडावर घासून मारली.

पाती कापताना मी मध्येच कात्री पुढं केली. त्यांनी नुसतं बघितलं. स्प्रिंग स्टील कात्रीनं वळतं, सपाट राहत नाही. त्यांनी ग्राइंडिंग व्हीलच्या कडेनं कापलं, मध्ये मध्ये पाण्यात बुडवून.

बसवून बघूया म्हटलं तर वीज गेली. परवा या म्हणाले.

६ जुलै

आषाढी एकादशी. परवा म्हणजे काल गेलो तर तात्या नाहीत, आज तर दुकानच बंद, ते दिंडीबरोबर नंदवाळला गेलेले. मी साबुदाणा खाऊन गप्प बसलो. जिल्हा स्पर्धा जवळ आलीय, पोरगी क्लबचं पिस्तूल घेऊन सराव करतेय, ते तिच्या हाताला मोठं होतं.

७ जुलै

ब्लॉक, साईट, पाती, स्क्रू सगळं हातात. पैसे विचारले तर २०० म्हणाले. मी ३०० दिले, शंभर परत केले आणि चहा मात्र माझ्याकडून घेतला.

घरी बसवलं. यावेळी नवीन ॲलन की, चांगल्या कंपनीचा सेट घेतला, ४५० रुपये. की भोकात बसल्यावर अजिबात डुगडुगत नाही, फरक हाताला कळतो. पाती तळाला, त्यावर साईट सरकवली, अंगठ्याच्या जोरानं गेली, ठोकायला लागलं नाही. मधोमध आहे का ते व्हर्नियरनं दोन्ही कडांपासून मोजलं. मग ग्रब स्क्रू.

नखानं ढकललं. टिक नाही. बायकोला बोलवून दाखवलं. तिनं ढकलून बघितलं, म्हणाली, "आता माझं रिमूव्हर आणून ठेवा."

स्क्रूला लॉकटाईट २४३, निळं, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांत लावायचा गोंद. लाल घेऊ नका, ते काढायला स्क्रू चांगला तापवावा लागतो, आणि इतक्या बारीक स्क्रूचं परत तेच होईल. निळं हातातल्या कीनं सुटतं. एकच थेंब, टूथपिकच्या टोकावरून.

८ जुलै

रात्री नऊला लावलं आणि सकाळी सहाला मारून बघितलं. नऊ तास. बाटलीवर २४ तास लिहिलंय ते वाचलं होतं. २० शॉटनंतर टिक नव्हती, पण स्क्रूला की लावून बघितली तर तो सहज फिरला, ओलाच. मला वाटलं बाटलीच बाद निघाली. नाही, चूक दुहेरी होती. एक तर वेळ. दुसरं, हे लॉकटाईट हवा लागेल तिथं वाळत नाही, आट्यांत धातूला धातू भिडून हवा मिळेनाशी झाली की मग धरतं, आणि मी स्क्रूला गंजू नये म्हणून आधी तेल लावलेलं. जास्त तेल असलं की ते नीट धरत नाही.

सगळं परत काढलं. आटे आणि स्क्रू ॲसिटोननं (आता माझी स्वतःची बाटली, ६० रुपये) तीनदा पुसले, टूथपिकला कापूस गुंडाळून आतपर्यंत. सुकू दिलं. परत एक थेंब. पिस्तूल पेटीत बंद, पेटीची किल्ली बायकोकडं. फोममध्ये साईटच्या जागेला ब्लेडनं अंगठाभर खळगा कापला, आता झाकण साईटला शिवत नाही. हे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं.

१० जुलै

घट्ट. पण नवीन रडगाणं. पोरगी हात सरळ धरून म्हणाली साईट वाकडी दिसतेय, डावीकडची फट खाली बारीक आणि वर जाड. तेच, पुसलेली रेघ. ब्लॉक बॅरलवर किंचित फिरलेला.

मोबाईलचं लेव्हल ॲप वापरलं. ब्लॉकवर ठेवायला मोबाईल मोठा, डुगडुगतो, दर वेळी वेगळा आकडा. तासभर गेला. मग शेजारी बांधकाम चाललंय तिथल्या गवंड्याचा ओळंबा मागून आणला. टेरेसच्या दारात टांगला, वारा लागू नये म्हणून शिसं पाण्याच्या बादलीत बुडतं ठेवलं. पिस्तूल वाळूच्या उशीवर, रिअर साईटच्या खाचेच्या उभ्या कडा ओळंब्याच्या दोरीला समांतर दिसतील असं उशीवर दाबून बसवलं, मग ब्लॉकचे दोन स्क्रू जरा सैल करून तो फिरवत गेलो, फ्रंट साईटची उभी कड दोरीला समांतर येईपर्यंत. पोरगी मागून एक डोळा मिटून सांगत होती. "थोडं माझ्याकडं. जास्त झालं. आता. आता! हलवू नका पप्पा." दोन्ही स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळले, एक पूर्ण आणि मग दुसरा असं केलं तर ब्लॉक ओढला जातो, ते पण एकदा झालंच.

मग सुईनं रेघ ओढली. खोल.

१२ जुलै

वाळूच्या उशीवरून दहा शॉट. पिस्तूल पेटीत ठेवलं, झाकण लावलं, काढलं, परत दहा. असं तीनदा, तीन वेगळे पेपर. तिन्ही पेपर एकावर एक ठेवून उजेडाला धरले तर झुबके एकमेकांवर बसले. जागा मात्र मधोमध नव्हती, दीड रिंग उजवीकडे, ती रिअर साईटच्या सहा क्लिकनं आली. आमच्या एका क्लिकला गोळी साधारण २ मिमी सरकते.

शेवटी साईट आणि ब्लॉक दोन्हींवर मिळून लाल नेलपॉलिशची एक बारीक आडवी रेघ मारली. साईट केसभर जरी सरकली तरी रेघ तुटलेली दिसेल. पोरगी आता पेटी उघडली की आधी दोरी बघते आणि मग रेघ.

संध्याकाळी ४० शॉट, हातानं: ३५४. ती ३६० झाले नाहीत म्हणून नाराज, मी आत जाऊन पंखा लावून बसलो.

खर्च विचारणार म्हणून लिहितो. फेविक्विक १०, ॲसिटोन ६०, रिमूव्हर (परत आणून दिलं) ८५, ॲलन की सेट ४५०, फिलर गेज १८०, लॉकटाईट ३४०, तात्या २००, चहा ४०. एकूण १,३६५. पेलेटचा एक डबा संपला तो वेगळा. यातलं खरंच लागलं असतं ते की, फिलर गेज, लॉकटाईट आणि तात्या. वेळ मोजला नाही, पण नीट माहीत असतं तर लॉकटाईट वाळायचा एक दिवस सोडून दोन तासांचं काम.

ग्रिप राहिली. मे महिन्यात घासलेले दोन मिमी परत कसे आणणार, लाकूड उगवत नाही. सरांनी सांगितलं एम-सील भर आणि ओलं असताना तिला धरायला लाव, बोटांचा ठसा आपोआप येतो. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून तिनं दहा मिनिटं धरून ठेवलं, नाक खाजलं तरी सोडलं नाही. आता खिडकीत वाळत ठेवलीय. उद्या पॉलिश पेपर घेऊन बसतो.